संगणक-कारागिराची तिसरी वाट

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील अग्रगण्य माहिती-तंत्रज्ञान कंपनीने आपल्या मनुष्यबळात सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांची कपात करण्याचे जाहीर केले. या कपातीचा रोख प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतील अनुभवी माणसांवर होता. गृहकर्जाचे हप्ते, मुलांची शिक्षणे आणि वृद्ध आईवडिलांची औषधे ज्यांच्या पगारावर चालतात, तीच ही माणसे. हिंजवडी, खराडी आणि ऐरोलीच्या काचेच्या इमारतींकडे पाहून ज्या मध्यमवर्गाने ‘आता मुलाचे कल्याण झाले’ असा सुस्कारा सोडला होता, त्याच्या मनात पाल चुकचुकावी अशीच ही घटना होती. सरकारी नोकरी गेली, बँकेतील नोकरी आटली, तेव्हा संगणकाने आपल्याला तारले. आता संगणकाची चाकरीही शाश्वत राहिली नसेल, तर पुढे काय?

या प्रश्नाला तरुण पिढीकडून हल्ली एक ठरावीक उत्तर मिळते : ‘स्टार्टअप’. हा शब्द कानावर पडताच घरातील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकणारे हजारो कोटींचे मूल्यांकन. दुसरे, घरदार गहाण टाकून झालेले दिवाळे. या दोन टोकांच्या मध्ये एक शांत, फारसा गाजावाजा न होणारा मार्ग आहे. एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून आंतरजालावर चालणारी एखादी उपयुक्त प्रणाली उभी करायची, ती वापरणाऱ्यांकडून माफक मोबदला घ्यायचा आणि त्या मोबदल्यावर उद्योग चालवायचा. यात बाहेरच्या गुंतवणूकदाराचे भांडवल नाही आणि कोणाची चाकरीही नाही. या तिसऱ्या वाटेचा विचार मराठी घरांनी गांभीर्याने करण्याची वेळ आली आहे.

परवानगी न मागणारी बाजारपेठ

ही वाट मुळात उपलब्ध कशी झाली, हे समजून घेणे आवश्यक आहे. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये ‘वर्ल्ड वाइड वेब’ची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्यामागील संगणकीय आज्ञावली सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. तिच्यावर हक्क सांगून मानधन मागण्याचा मार्ग संस्थेला मोकळा होता. तो तिने नाकारला. त्या एका निर्णयामुळे संकेतस्थळ उभारण्यासाठी कोणाचीही परवानगी काढावी लागत नाही. गाळ्याची पागडी नाही, वितरकाची मिनतवारी नाही. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आंतरजाल सामान्य नागरिकांसाठी खुले केले आणि ही बाजारपेठ आपल्याही दारात आली.

या धंद्याला लागणारी साधने पाहिली, तर आश्चर्य वाटावे. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास होते. ती प्रणाली चोवीस तास चालू ठेवणारा लहान सर्व्हर महिन्याला पाचशे रुपयांच्या आगेमागे भाड्याने मिळतो. माहितीचा साठा ठेवणारी एसक्यूलाइट ही आज्ञावली तर फुकट आहे. रिचर्ड हिप या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ती २००० मध्ये लिहिली आणि आपला स्वामित्वहक्क सोडून ती सार्वजनिक केली. आज आपल्या खिशातील प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ती आहे, आणि तिची देखभाल अजूनही बोटांवर मोजता येतील एवढीच माणसे करतात. लोहाराला भाता आणि ऐरण घ्यावी लागते, शिंप्याला शिवणयंत्र घ्यावे लागते. संगणकाच्या या कारागिराची ऐरण त्यापेक्षाही स्वस्त आहे. महाग आहे तो त्याचा वेळ आणि त्याची चिकाटी.

एकट्यादुकट्याची कर्तबगारी

एकटा माणूस असे काय उभे करणार, ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर इतिहासानेच दिले आहे. शिकागोतील ३७सिग्नल्स ही संकेतस्थळांची रचना करून देणारी लहानशी कंपनी. ग्राहकांची कामे सांभाळताना होणारा गोंधळ आवरावा, म्हणून तिने स्वतःपुरते एक साधन तयार केले. डेन्मार्कमध्ये शिकत असलेल्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सन याने ते लिहिले. २००४ मध्ये ‘बेसकॅम्प’ या नावाने ते बाजारात आले आणि पुढे कंपनीचा मूळ धंदा मागे पडून हेच साधन तिचा मुख्य व्यवसाय झाले. त्याच कामातून निघालेली ‘रुबी ऑन रेल्स’ ही चौकट हॅन्सनने जगाला विनामूल्य दिली.

पीटर लेव्हल्स हा डच तरुण २०१४ मध्ये बारा महिन्यांत बारा प्रकल्प करून पाहण्याचा संकल्प जाहीर करून कामाला लागला. जगभर फिरत काम करणाऱ्यांना शहरांची माहिती देणारे त्याचे ‘नोमॅड लिस्ट’ हे संकेतस्थळ त्यातूनच जन्मले. जुनी, सर्वपरिचित साधने वापरून तो एकट्याने उद्योग चालवीत आला आहे. त्याची दुसरी बाजूही त्यानेच प्रांजळपणे सांगितली आहे : सत्तरहून अधिक प्रयोगांपैकी जेमतेम चार यशस्वी झाले. ही गोष्ट तरुणांनी आणि त्यांच्या पालकांनी भिंतीवर लिहून ठेवावी. या वाटेवर अपयश हा अपवाद नसून नियम आहे. मात्र प्रयोग लहान ठेवला, तर अपयशही लहान राहते आणि माणूस पुन्हा उभा राहतो.

आपल्या देशातही अशी उदाहरणे आहेत. दोन हजारच्या दशकात संगणकावर मराठी लिहू पाहणाऱ्या अनेकांचा आधार होता ‘बराहा’. शेषाद्रिवासू चंद्रशेखरन या कन्नड अभियंत्याने १९९८ मध्ये आपल्या मातृभाषेसाठी ते केले, आणि पुढे देवनागरीसह इतर भारतीय लिप्यांनाही त्याचा लाभ झाला. बड्या कंपन्यांना भारतीय भाषांची पर्वा नव्हती, तेव्हा एका माणसाने घरबसल्या ते काम केले. पुण्यातील कैलाश काटकर हे तर मूळचे साताऱ्याकडील रहिमतपूरचे. जेमतेम दहावीपर्यंतचे शिक्षण झालेला हा मनुष्य गणकयंत्रे दुरुस्त करता करता संगणक दुरुस्तीकडे वळला. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांना विषाणूची बाधा झाल्याचे वारंवार आढळू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भावाने, संजयने, त्यावर उतारा लिहिला. तोच ‘क्विक हील’. बाहेरचे मोठे भांडवल या कंपनीत आले ते २०१० मध्ये. तोवर दीड दशकाची मेहनत आणि ग्राहकांचा विश्वास गाठीला होता. २०१६ मध्ये ती शेअर बाजारात दाखल झाली. तमिळनाडूतील झोहो या कंपनीने तर १९९६ मध्ये अ‍ॅडव्हेंटनेट या नावाने सुरुवात केल्यापासून गुंतवणूकदारांच्या निधीला हातच लावला नाही. तिचे संस्थापक श्रीधर वेंबू हे २०१९ पासून तेनकाशीजवळच्या खेड्यातून काम पाहतात.

ही सर्व उदाहरणे एका सूत्रात ओवलेली आहेत. आधी डोळ्यांपुढची अडचण, मग तिच्यावरचा उपाय, मग पैसे देणारा ग्राहक आणि सर्वांत शेवटी विस्तार. हा क्रम उलटला की घात होतो.

उसन्या भांडवलाचे मोल

क्रम उलटल्याचे ढळढळीत उदाहरण म्हणजे ‘बायजूज’. २०११ मध्ये स्थापन झालेल्या या शिक्षणक्षेत्रातील कंपनीचे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरपर्यंत पोहोचले होते. जुलै २०२४ मध्ये याच कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिला. दोन वर्षांत ही दशा का व्हावी? व्यक्तींचे दोष असतील. पण त्याहून मोठा दोष त्या भांडवलाच्या स्वभावात आहे.

जोखीम पत्करणारा गुंतवणूकदार अनेक कंपन्यांत पैसे घालतो. त्यांतील बहुतेक बुडणार, एखादीच आकाशाला भिडणार आणि तीच सर्वांची भरपाई करणार, असे त्याचे गणित असते. ते त्याच्या दृष्टीने चूक नाही. परंतु या गणितात ‘बऱ्यापैकी चालणारा, नफ्यातील, लहान उद्योग’ याला स्थानच नाही. चाळीस माणसांचे पोट भरणारा उद्योग तुमच्या-आमच्या दृष्टीने यश असतो. त्याच्या वहीत ते अपयश असते. म्हणून ग्राहक नसताना जाहिराती, नफा नसताना शाखा आणि गरज नसताना नोकरभरती होते. नावाला मालक असलेला तरुण प्रत्यक्षात पुन्हा चाकरच बनतो. फरक इतकाच, की त्याला रजा मिळत नाही.

चारशे ग्राहकांचे गणित

याउलट स्वतंत्र कारागिराचे गणित पाटीवर मांडता येते. महिन्याला तीनशे रुपये देणारे चारशे ग्राहक मिळाले, तर मासिक उत्पन्न १ लाख २० हजार रुपये होते. वर्षाची उलाढाल १४ लाख ४० हजार. सेवांसाठीची जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादाही ती ओलांडत नाही. सर्व्हर आणि इतर खर्च वजा जाता मध्यमवर्गीय संसार सन्मानाने चालावा एवढे यातून उरते. चारशे ही संख्या एका माणसाच्या आवाक्यातली आहे. त्या प्रत्येकाचा फोन घेता येतो, तक्रार ऐकता येते.

मग हे चारशे ग्राहक कुठे शोधायचे? अमेरिकेत काय चालले आहे, याची नक्कल करण्यापेक्षा आपल्या गावाकडे डोळे उघडून पाहिले, तर कामांची वाण नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाला ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातील सभासद नोंदी, देखभाल वर्गणी, थकबाकीवरील व्याज आणि सिंकिंग फंड यांचा मेळ घालताना घाम फुटतो. दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ फॅट आणि एसएनएफ मोजून दर काढावा लागतो, आणि दर दहा दिवसांनी होणाऱ्या दुधाच्या पगारातून पशुखाद्याची उचल वळती करावी लागते. मंगल कार्यालयाच्या तारखा, शिकवणीवर्गाची हप्त्याने येणारी फी, वाचनालयाची पुस्तक देवघेव, भिशीचा हिशेब अशा शेकडो ठिकाणी अजून वही, कार्बन आणि स्मरणशक्ती यांवर कारभार चालतो. बंगळुरूच्या वातानुकूलित दालनात बसलेल्या माणसाला दुधाचा पगार म्हणजे काय, हे कळायला वर्ष लागेल. सांगली किंवा संगमनेरच्या तरुणाला ते उपजत ठाऊक असते. हेच त्याचे खरे भांडवल आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने तर या भांडवलाचे मोल वाढविले आहे. आज आज्ञावली लिहिण्याचे पुष्कळसे काम यंत्र करून देते. ‘मला कोडिंग येते’ एवढ्या बळावर मिळणाऱ्या नोकऱ्या त्यामुळे धोक्यात आल्या. परंतु काय लिहायचे, कोणासाठी लिहायचे आणि हिशेब चुकला तर उत्तरदायी कोण, हे प्रश्न यंत्र सोडवीत नाही. थकबाकीवर व्याज कसे आकारायचे याचा निर्णय चुकला, तर चिटणीस यंत्राची नव्हे, ती प्रणाली विकणाऱ्याची गचांडी धरणार! यंत्राने लिहिलेली आज्ञावली स्वतः समजून न घेता ग्राहकाच्या गळ्यात मारणे म्हणजे चव न घेता वाढलेले जेवण होय.

दरवाजाची किल्ली कोणाकडे?

या वाटेवरचा सर्वांत मोठा धोका मात्र आळसाचा नाही, परावलंबनाचा आहे. दुकान आपले, पण रस्ता दुसऱ्याचा, अशी अनेकांची स्थिती आहे. मोबाइलवरील ॲप विकायचे तर ॲपल किंवा गुगल यांच्या बाजारातून जावे लागते. या बाजारातील ॲपच्या आत होणाऱ्या विक्रीवरील दलाली दीर्घकाळ ३० टक्के होती. २०२१ मध्ये लहान विक्रेत्यांसाठी ती १५ टक्के करण्यात आली. १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादावरून गुगलने भारतातील काही कंपन्यांची ॲप आपल्या बाजारातून काढून टाकली. त्यांत शादी, भारत मॅट्रिमनी, नोकरी, ९९एकर्स अशी घराघरांत ठाऊक असलेली नावे होती. केंद्र सरकारने हस्तक्षेप केल्यावर ती काही दिवसांत परत आली. त्यापूर्वी २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने देयकपद्धतीच्या सक्तीवरून गुगलला ९३६ कोटी ४४ लाख रुपयांचा दंड ठोठावला होता. मार्च २०२५ मध्ये अपिलात तो २१६ कोटी ६९ लाखांपर्यंत खाली आला. बलाढ्य कंपन्यांच्या मदतीला मंत्री आणि वकील धावून येऊ शकतात. चारशे ग्राहकांच्या जोरावर जगणाऱ्या एकट्या कारागिरासाठी कोण धावणार?

असेच जानेवारी २०२३ मध्ये घडले. ट्विटरवरील मजकूर वाचण्यासाठी इतरांनी तयार केलेली ॲप त्या कंपनीने पूर्वसूचनेविना बंद पाडली. २००७ पासून चालत आलेले ‘ट्विटरिफिक’ त्यात गेले; मोजक्या माणसांनी वर्षानुवर्षे जोपासलेला व्यवसाय एका रात्रीत संपला. दुसऱ्याच्या जमिनीवर आंब्याची बाग लावू नये, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. संगणकाच्या क्षेत्रात ते पुन्हा शिकावे लागत आहे.

म्हणून स्वतंत्र कारागिराने तीन गोष्टी कोणत्याही परिस्थितीत आपल्या मालकीच्या ठेवल्या पाहिजेत : आपल्या नावाचा आंतरजालावरील पत्ता, आपल्या ग्राहकांची यादी आणि आपल्या माहितीसाठ्याची दुसरी प्रत. हा पत्ता देवनागरीतही घेता येतो, ‘.भारत’ ही व्यवस्था २०१४ पासून उपलब्ध आहे. ॲपचा बाजार, समाजमाध्यमे, शोधयंत्रे यांचा उपयोग जरूर करावा, पण येण्याजाण्याच्या वाटा म्हणून. घराचा पाया म्हणून नव्हे. या बाबतीत भारतीय तरुण पूर्वीपेक्षा सुदैवी आहे. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमुळे पानवाल्यापासून पतसंस्थेपर्यंत सर्वांना थेट पैसे देण्याची सवय लागली. दरमहा आपोआप वर्गणी वळती करण्याची सोयही त्यात २०२० पासून आहे. कार्डाद्वारे होणाऱ्या अशा वसुलीवर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून कडक नियम लागू केले, तेव्हा अनेक लहान उद्योगांची वसुली विस्कळीत झाली होती. ज्यांच्याकडे ग्राहकाचा थेट संपर्क होता, ते त्यातून लवकर सावरले.

स्वातंत्र्याबरोबर जबाबदारी येते. ग्राहकाची माहिती ही ठेव आहे, माल नव्हे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने तिला कायद्याचे कवच दिले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. एकटा माणूस म्हणून यातून सुटका नाही. सोनाराकडे दागिना आणि या कारागिराकडे माहिती एकाच विश्वासाने सोपविली जाते.

घराने आणि समाजाने काय करावे?

एकट्याने उद्योग करणारा माणूस खरोखर एकटा कधीच नसतो. गुंतवणूकदार जे देऊ शकत नाही, ते कुटुंब देऊ शकते : दोन वर्षांची सबुरी. घरातील एका कमावत्या व्यक्तीची नोकरी चालू असताना दुसऱ्याने मर्यादित काळ, मर्यादित खर्चात प्रयोग करावा, हा व्यवहार्य मार्ग आहे. नोकरी सोडून उडी घेण्यापूर्वी पैसे देणारे पहिले दहा ग्राहक मिळवावेत. घर किंवा दागिने गहाण ठेवू नयेत. किती काळ थांबायचे, हे आधीच ठरवावे. २०१३ च्या कंपनी कायद्याने एकल व्यक्ती कंपनीची सोय केल्यामुळे उद्योगाचे देणे आणि घराची पुंजी वेगळी ठेवता येते. ‘लग्नाच्या बाजारात काय सांगायचे?’ हा प्रश्न मात्र कायदा सोडवू शकत नाही. पगारपत्रक दाखविणाऱ्यालाच स्थिरस्थावर मानण्याची सवय समाजालाच सोडावी लागेल. २०२५ च्या त्या कपातीनंतर तरी पगारपत्रक म्हणजे स्थैर्य नव्हे, हे पटायला हरकत नसावी.

आणखी एक सवय मोडावी लागेल, ती फुकटेपणाची. मुलगा संगणक शिकला, की आतेभावाच्या दुकानाचे संकेतस्थळ, मामाच्या मंडळाची वर्गणीची यादी आणि शेजारच्या सोसायटीचा हिशेब हे सारे ‘तुझ्यासाठी दहा मिनिटांचे काम’ म्हणून त्याच्या गळ्यात पडते. सुताराला दिवसाची मजुरी देताना कोणी असे म्हणत नाही. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यामागील श्रमही दिसत नाहीत. चोरून नकललेल्या तबकड्यांवर वाढलेल्या पिढीला सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजणे जड जाते, हे समजण्यासारखे आहे. पण परदेशी चित्रपटसेवेची वर्गणी बिनबोभाट भरायची आणि गावच्या मुलाने केलेल्या हिशेबप्रणालीच्या तीनशे रुपयांसाठी घासाघीस करायची, याला स्वदेशीचा अभिमान म्हणत नाहीत.

शाळा, पतसंस्था, रुग्णालये, वाचनालये, गृहनिर्माण संस्था यांच्या कार्यकारिणींवर समाजातील कर्ती मंडळी बसलेली असतात. त्यांच्या हातात पुष्कळ काही आहे. आपल्या संस्थेला लागणारे साधन जवळपासचा कोणी तरुण करून देऊ शकतो का, हे त्यांनी आधी पाहावे. ते निकषांवर उतरले तरच घ्यावे, दयेपोटी नव्हे; आणि घेतले तर पैसे वेळेवर द्यावेत. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे, असे २००६ चा कायदा सांगतो. मोठ्या कंपनीला सहा महिन्यांची उधारी झेपते. एकट्या कारागिराचा त्यात श्वास कोंडतो. वेळेवर फेडलेले एक देयक हे शंभर सत्कारांपेक्षा मोठे प्रोत्साहन आहे.

देशाचे आर्थिक स्वावलंबन दहा-वीस अवाढव्य कंपन्यांनी साधत नाही. गावोगावच्या कुंभार, सुतार, सोनार, विणकरांनी एकेकाळी या देशाची संपत्ती निर्माण केली होती. त्यांच्या हातात हुन्नर होते आणि गिऱ्हाईक ओळखीचे होते. यंत्रयुगाने त्या कारागिराला गिरणीचा कामगार केले. आंतरजालाने तीच संधी नव्या रूपात परत आणून दिली आहे. प्रत्येक अभियंत्याने या वाटेने जावे असे नाही. बहुतेकांना ती मानवणारही नाही. पण शंभरातील पाच जणांनी जरी आपल्या तालुक्याची एखादी अडचण निवडून तिच्यावर नेटाने काम केले आणि त्यांच्या भोवतीच्या समाजाने त्यांचे पहिले चारशे ग्राहक होण्याची तयारी दाखविली, तर पुढील कपातीची बातमी वाचताना मराठी घरांना धास्ती वाटण्याचे कारण उरणार नाही.